फोल्डिंग कॅम्परचा पडदा सारखा सुटतोय? स्क्रूला हात लावण्याआधी हे बघा

फोल्डिंग कॅम्पर म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची, मुक्कामाला छत वर करून उघडायची आणि निघताना मिटायची कॅनव्हासची खोली. तिच्यातला पडदा सुटला की आधी हुकांना दोष दिला जातो. नवे हुक येतात, जाड चिकटपट्टी येते, पुढचे एक-दोन मुक्काम बरे जातात आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. हा बिघाड मी स्वतःच्या आणि इतरांच्या कॅम्परमध्ये इतक्या वेळा निस्तरला आहे की आता पडदा बघण्याआधी मी एकच विचारते: छत खाली घेताना पडदा कुठे असतो? पडदा सुटलेला दिसतो कॅम्पर उघडल्यावर, पण बिघडलेला असतो बहुतेक वेळा मागच्या खेपेला कॅम्पर मिटताना. घरात ज्या भिंतीवर पडदा टांगतो ती भिंत जागची हलत नाही. इथे छत खाली येतं, दोन्हीकडचे बंक आत सरकतात, कमानी आडव्या होतात, कॅनव्हासच्या घड्या पडतात आणि या सगळ्याच्या मधे सापडतो तो पडदा.

पुढे घोळ नको म्हणून आधीच सांगते. खोका म्हणजे कॅम्परचा खालचा कडक भाग, ज्यावर मिटलेलं छत बसतं. बंक म्हणजे बाहेर सरकणारा पलंग. कमान म्हणजे बंकवरचा कॅनव्हास तोलणारी नळी. ट्रॅक म्हणजे छताच्या कडेला बसवलेली खाचेची पट्टी आणि रनर म्हणजे त्या खाचेत सरकणारा, पडद्याला अडकवलेला प्लास्टिकचा तुकडा. स्टॉपर म्हणजे रनर बाहेर पडू नयेत म्हणून ट्रॅकच्या टोकाला बसवलेला अडसर.

लक्षणं

- पडदा एकाच टोकाने सुटून लोंबतो, बाकी सगळं जागेवर. बहुतेक वेळा टोकाचा स्टॉपर गेलेला असतो.
- मधेच एखाद-दुसऱ्या ठिकाणी झोळ पडतो. तिथले रनर तुटलेत.
- ओढताना पडदा अडतो, जोर लावला की धक्क्याने पुढे जातो. ट्रॅकमध्ये घाण आहे किंवा खाच चेपली आहे.
- पडदा आपोआप एका बाजूला सरकत जातो. पडद्याचा काही संबंध नाही, कॅम्पर तिरका उभा आहे.
- इलॅस्टिकवरचा पडदा मधे खाली येतो आणि वर फट पडते.
- चिकट हुक रात्री किंवा भर दुपारी, कोणी हात न लावता पडतात.
- खालची कड ओली, नंतर तिथे काळे ठिपके.
- छत पूर्ण बसत नाही, एका कोपऱ्यातली कडी ओढून लावावी लागते.
- ट्रॅकच स्क्रूसकट खाली येतो. हे शेवटचं लक्षण दिसलं तर बाकीचं सोडून खाली स्क्रूंचा भाग आधी वाचा.

यातली दोन-तीन लक्षणं एकदम दिसणं अगदी नेहमीचं आहे. म्हणून आपल्याला वाटतं त्या कारणापासून सुरुवात न करता फुकटच्या तपासण्यांपासून सुरुवात करा.

कधी सुटतो ते बघा

हत्यार लागत नाही, पैसे लागत नाहीत. पडदा नेमका कधी सुटतो? कॅम्पर उघडल्या-उघडल्या सुटलेला सापडत असेल तर मिटताना तो अडकून ओढला गेला आहे. हाताने सरकवताना सुटत असेल तर रनर, स्टॉपर किंवा खाच. दुपारच्या उन्हात सुटत असेल तर चिकटपट्टी. पहाटे सुटत असेल तर दवाने कापड जड झालंय किंवा थंडीत प्लास्टिक कडक पडलंय. आणि लांबच्या खडबडीत प्रवासानंतरच सुटत असेल तर स्क्रू ढिले होत आहेत.

हे आधी करायचं कारण सरळ आहे: उन्हाने सुटणाऱ्या हुकाला नवे रनर घालून काही होत नाही.

कॅम्पर सपाट आहे का, छत चारही कोपऱ्यांत सारखं आहे का

ओट्यावर स्पिरिट लेव्हल ठेवा, आधी आडवी, मग उभी. नसेल तर कॅम्परच्या आतल्या जमिनीवर गोटी सोडा, तीही खरं सांगते. तिरक्या कॅम्परमध्ये सगळे रनर उताराच्या बाजूला गोळा होतात आणि पडद्याचं वजन शेवटच्या स्टॉपरवर रात्रभर रेटत राहतं. स्टॉपर बिचारा पडदा अडवायला असतो, पेलायला नाही.

सपाट करताना एक पथ्य पाळा. कोपऱ्यांचे जॅक कॅम्पर डुलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नाहीत. डावं-उजवं सपाट करायचं ते चाकाखाली ठोकळा देऊन, गाडीपासून सोडवण्याआधी. पुढचं-मागचं पुढच्या जॅकने. कोपऱ्याच्या जॅकने उचललंत तर सांगाडा पिळतो. त्याने दारही अडतं आणि पडद्याचा ट्रॅकही तिरका होतो.

आता टेप घेऊन छताच्या खालच्या कडेपासून खोक्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजा. थोडाफार फरक जुन्या कॅम्परमध्ये असतोच. पण एक कोपरा डोळ्याला दिसेल इतका खाली असेल तर तो पडद्याचा प्रश्न राहत नाही, छत उचलणाऱ्या यंत्रणेचा होतो. आधी छत उचलायचं हँडल पूर्ण फिरवलं होतं ना, एवढं बघा. फिरवलं असेल आणि तरीही कोपरा खाली असेल तर तिथेच थांबा. केबल, पुली, विंच (हँडलने केबल गुंडाळणारं चक्र) यांचा ताण घरी जुळवायचा नाही. ते छत एकट्या माणसाला पेलणारं नसतं आणि ते खाली येतं तेव्हा आधी कल्पना देत नाही.

मिटताना पडदा कुठे जातो

सगळ्यात जास्त पडदे इथे वाचतात, म्हणून इथे जरा रेंगाळते.

कोणाला तरी हँडल फिरवायला सांगा आणि तुम्ही बाहेरून कॅनव्हास आत सारताना पडद्याकडे लक्ष ठेवा. छत अर्ध्यावर आलं की थांबवा आणि टॉर्च घेऊन आत बघा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं: बंकची कमान आडवी होताना पडद्याची एक चुणी तिच्याखाली गेली आहे आणि वरून छत येतंय. अजून दोन-चार वळसे फिरवले की ती चुणी चिमटते, कापड ताणलं जातं आणि तो सगळा ओढा सर्वात जवळच्या रनरवर येतो. तो रनर तिथल्या तिथे तुटत नाही. त्याच्या मानेला भेग पडते. पुढच्या मुक्कामाला तुम्ही पडदा अलगद सरकवता आणि तो तुटतो, मग वाटतं प्लास्टिकच हलकं होतं.

खात्री करायची असेल तर पडदा उतरवून उजेडात आडवा धरा. दर वेळी चिमटणाऱ्या पडद्यावर ठरावीक उंचीला काळपट, तेलकट रेघ दिसते. ती कमानीच्या सांध्यावरचा मळ असतो. रेघेच्या आसपासचे धागे विरळ झालेले असतात. रेघ जिथे आहे ती चिमट्याची जागा.

उपाय दोन. पडदा छताच्याच ट्रॅकवर असेल तर तो खिडकीच्या कडेला गोळा करा, वर गुंडाळा आणि छताला लागून वेल्क्रोच्या पट्ट्याने बांधा. पट्टा कापडी, रुंद आणि मऊ हवा. सुतळीने आवळलं की तिथे कायमची चुणी पडते. पट्टा शिवायचा असेल तर ट्रॅकपासून हातभर खाली नको, अगदी वर शिवा, म्हणजे बांधलेला गोळा कमानीच्या वाटेत येत नाही. दुसरा उपाय बंक आणि मधला भाग यांच्यामधल्या आडोशाच्या पडद्यासाठी, जो लांब असतो आणि हमखास अडकतो. तो रनरसकट काढून पिशवीत भरा. मिनिटाभराचं काम आहे. मला विचाराल तर लांब पडदा वर गुंडाळून ठेवण्याच्या फंदात पडूच नका.

मिटल्यावर बाहेरून एक फेरी मारा. छत आणि खोका यांच्या मधून कापडाची एखादी कड बाहेर डोकावत असेल तर छत पुन्हा थोडं उचलून ती आत घ्या. बाहेर राहिलेलं टोक पावसात वातीचं काम करतं. पाणी कापडातून चढत आत गादीपर्यंत जातं. छत ओढून बंद करावं लागत असेल तर कडीवर जोर काढू नका, आत काय जाडजूड अडकलंय ते शोधा. पडद्यांचा आणि उशांचा ढीग हे नेहमीचं कारण.

स्टॉपर आणि रनर

पडद्याला जितके लूप किंवा हुक आहेत तितके रनर ट्रॅकमध्ये आहेत का, मोजा. एक रनर कमी झाला की त्याचं वजन शेजारच्या दोघांवर जातं. मग त्यातला एक जातो आणि मग ओळीने सगळे. दोन रनरमध्ये १० सेंटीमीटरच्या आसपास अंतर ठेवलं तर झोळ पडत नाही.

आता प्रत्येक रनर नखाने तपासा. त्याची मान, म्हणजे खाचेतून बाहेर येणारा बारीक भाग, हलकी वाकवा. चांगलं नायलॉन वाकतं आणि सोडलं की परत येतं. जुनं झालेलं खडूसारखं पांढुरकं, कोरडं दिसतं. वाकवलं की मानेवर पांढरी रेघ उमटते आणि पुढे कट्ट आवाज येऊन तुकडा हातात. ऊन आणि उष्णतेने प्लास्टिक असं होतं. खिडकीच्या बाजूचे रनर सावलीतल्या रनरच्या कितीतरी आधी जातात. असा एक सापडला तर सगळे बदला. एकेक बदलत बसलात तर प्रत्येक मुक्कामाला हेच काम.

नवे आणताना जुना रनर आणि ट्रॅकची दोन मापं सोबत असू द्या: खाचेच्या तोंडाची रुंदी आणि आतल्या पोकळीची रुंदी. तोंडाचं माप चुकलं तर रनर आत जात नाही. पोकळीचं चुकलं तर तो आत जातो खरा, पण पडदा तिरका ओढला की निसटून बाहेर येतो. हा दुसरा प्रकार फसवा असतो, कारण दुकानात हातात धरून बघताना तो बरोबर बसल्यासारखा वाटतो.

स्टॉपर हरवला असेल तर नवा घालाच, पण एक छोटी युक्तीही करा. पडद्याचा भिंतीकडचा शेवटचा लूप स्टॉपरच्या पलीकडे, ट्रॅकच्या टोकाशी पक्का अडकवा. मग पडदा कितीही ओढला तरी भिंतीकडची कड सरकत नाही आणि धक्का स्टॉपरवर येत नाही.

धुताना रनर काढून ठेवा. ते पडद्याच्या वरच्या कापडी पट्टीलाच शिवलेले असतील तर पडदा कापडी पिशवीत घालून थंड पाण्यात धुवा आणि यंत्रात सुकवू नका.

ट्रॅक साफ करणं

जुना टूथब्रश कोरडाच खाचेतून फिरवा, मग ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या. रस्त्याची धूळ आणि कापडाचे तंतू मिळून आत नमद्यासारखा थर बसतो आणि रनर त्यात रुततो. आपण वैतागून खाली ओढतो आणि मान मोडते.

ट्रॅकला तेल किंवा ग्रीस लावू नका. पहिले दोन दिवस मस्त सरकतं, नंतर त्यावर धूळ बसून आधीपेक्षा वाईट होतं, शिवाय पडद्याच्या वरच्या कडेला डाग पडतात. कोरडा राहणारा सिलिकॉन किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे चालतो, पण तो फडक्यावर मारून ट्रॅकला पुसा. हवेत फवारलात तर कॅनव्हासवर आणि छतावर बसतो, आणि सिलिकॉन बसलेल्या जागी पुढे ना चिकटपट्टी धरते ना फटी बुजवायचं सीलंट. मेणबत्ती घासणं अडीअडचणीला ठीक. बंद कॅम्पर उन्हात तापला की ते मेण मऊ होऊन धूळ धरतं.

कापड: वजन, लांबी, ओल

पडदा उतरवून तराजूवर ठेवा. हे कोणी करत नाही आणि इथेच बरीच उत्तरं असतात. मूळचे हलके पडदे काढून घरातले अस्तराचे, उजेड अडवणारे पडदे लावले की वजन सहज दुप्पट-तिप्पट होतं. ट्रॅक आणि त्याचे छोटे स्क्रू मूळ वजनासाठी दिलेले असतात.

सुती कापडाचा दुसरा त्रास ओलीचा. सर्वसाधारण दमटपणात सूत आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल धरून ठेवतं, पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. दव पडलं, आत चार माणसांचे श्वास रात्रभर कोंडले की सुती पडदा पहाटे जड होतो आणि दुपारपर्यंत वाळत नाही. म्हणून कॅम्परला पातळ पॉलिएस्टर बरं. उजेड अडवायचा असेल तर गडद रंग घ्या, जाड अस्तर नको. सुतीच हवं असेल तर शिवण्याआधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आखडतं आणि खालून फट पडते. चुण्यांसाठी रुंदी ट्रॅकच्या दीडपट पुरे. घरातल्यासारखं अडीचपट कापड घातलं तर मिटताना त्याला जागाच नसते.

खालची कड गादीच्या दोन बोटं वर हवी. गादीखाली खोचायचा मोह होतो, विशेषतः थंडीत. पण मग झोपेत कूस बदलली की गादी पडदा ओढते आणि ओढा पुन्हा रनरवर. खाली पकड हवीच असेल तर दोन टोकांना वेल्क्रोचे छोटे तुकडे लावा. जोर पडला की ते आपणहून सुटतात आणि रनर वाचतो.

काळे ठिपके दिसत असतील तर पडदा कॅनव्हासला चिकटून राहतोय. रात्री कॅनव्हासच्या आतल्या अंगाला बाष्पाचं पाणी होतं, पडदा ते टिपून घेतो. सुती कॅनव्हासला पावसात आतून काही टेकलं तर त्या जागी पाणी पाझरायलाही लागतं. पडदा आणि कॅनव्हास यांच्यात बोटभर मोकळी हवा ठेवा, झोपताना वरच्या झडपा थोड्या उघड्या ठेवा, आणि पडद्याने हवेची जाळी झाकू नका. ओला कॅम्पर मिटावाच लागला तर २४ ते ४८ तासांच्या आत उघडून वाळवा. त्यापुढे बुरशी धरते, आणि ती कपड्यातून निघाली तरी कॅनव्हासच्या शिवणीतून निघत नाही.

आता ओघाने एक सक्तीचं. शेगडीच्या बाजूचा पडदा शेगडी पेटवण्याआधी बाजूला बांधलेला हवा, आणि हीटरच्या झरोक्यासमोर पडदा लोंबता कामा नये. पॉलिएस्टर पेटतं तेव्हा वितळून थेंब गळतात आणि खाली गादी असते.

इलॅस्टिकवरचा पडदा

बंकच्या कमानींवर ट्रॅक बसत नाही, म्हणून पडद्याच्या नेफ्यातून इलॅस्टिक किंवा बंजी दोरी ओवतात. ती मधे झोळली की लोक अजून ताणतात. ताणून उपयोग का होत नाही, याचा हिशोब सोपा आहे. एक किलोचा पडदा, दोन मीटरचं अंतर. मधे ५ सेंटीमीटर झोळ चालेल म्हटलं तर दोरीत साधारण ५ किलोचा ओढ लागतो. झोळ निम्मा, अडीच सेंटीमीटर हवा असेल तर १० किलोचा. म्हणजे दोन्ही टोकांचे हुक आणि कमानी रात्रभर १० किलोने आत ओढल्या जातात. ॲल्युमिनियमची कमान त्याने हळूहळू वाकते.

त्यापेक्षा मधे एक हुक द्या. अंतरही निम्मं, वजनही निम्मं, त्यामुळे तेवढ्याच झोळाला ओढ चौथ्या हिश्श्यावर येतो, ५ किलोच्या जागी सव्वा किलो. एका प्लास्टिकच्या क्लिपने हे होतं.

इलॅस्टिकमधलं रबर उष्णता आणि उन्हाने मरतं. ताणून सोडा, पूर्वीच्या लांबीला परत येत नसेल, किंवा आतून बारीक करकर ऐकू येत असेल, तर बदला. मिटताना एक टोक सोडून ठेवलं तर ते जास्त टिकतं.

चुंबक वापरायचा विचार असेल तर आधी कमानीला चुंबक लावून बघा. ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही. आणि काहीही झालं तरी पडद्यासाठी कॅनव्हासला सुई किंवा पिन लावू नका. तिथून गळती सुरू होते.

चिकट हुक

घरात वापरायच्या काढता येणाऱ्या चिकट हुकांना साधारण ४० अंश सेल्सियसपर्यंतची मर्यादा असते. उन्हात बंद असलेला कॅम्पर ती सहज ओलांडतो, आणि हुक पडतात. तेव्हा जड पडद्याला हा मार्ग नाही, पातळ आडपडद्याला आहे.

लावायचेच तर जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन वापरू नका. छताचं अस्तर किंवा कड एबीएस प्लास्टिकची असेल तर ॲसिटोन ती विरघळवतं. फोमच्या मजबूत दुहेरी चिकटपट्टीला पूर्ण ताकद यायला साध्या तापमानात ७२ तास लागतात. संध्याकाळी हुक लावून रात्री पडदा टांगला की तो पहाटे पडणारच, त्यात पट्टीचा दोष नाही. १० अंशांखालच्या थंडीत तर लावूच नका.

ट्रॅकची खाच चेपलेली किंवा फाकलेली

रनर ठरावीक एकाच जागी सुटत असतील तर तिथे खाचेचं तोंड फाकलेलं असतं. बोट फिरवलं की कळतं. कडक लाकडाचा तुकडा पोकळीच्या मापाचा तासून आत घाला आणि पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळून कड हलके-हलके आत दाबा. आतला तुकडा खाच पूर्ण मिटू देत नाही. हे एकदा जमतं, फार तर दोनदा. ॲल्युमिनियम पुन्हापुन्हा वाकवलं की चिरतं. चिरलं असेल, किंवा ट्रॅक प्लास्टिकचा असून तडकला असेल, तर तेवढा भाग बदला. नवा तुकडा जोडताना दोन तोंडं तंतोतंत समोरासमोर यायला हवीत. पायरी राहिली तर प्रत्येक रनर तिथे अडेल.

स्क्रू ढिले, ट्रॅक खाली

इथपर्यंत हत्यार क्वचितच लागलं, आता स्क्रूड्रायव्हर घ्या. पण घट्ट करण्याआधी एक स्क्रू पूर्ण काढून त्याची लांबी मोजा आणि टोक बघा. टोक कोरडं आणि चकचकीत असेल तर छान. गंज असेल, टोकाला काळपट ओलसर लाकूड चिकटून आलं असेल, तर छतात पाणी शिरतंय. ॲल्युमिनियमच्या ट्रॅकवर स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर तीही ओलीचीच खूण.

टोक कोरडं आहे पण स्क्रू नुसताच फिरतो, म्हणजे लाकडातले आटे गेले. भोकात लाकडाचं फेविकॉल सोडा, काडेपेटीच्या गुल काढलेल्या दोन-तीन काड्या ठोसून बसवा, वाळल्यावर कडेने सपाट कापा आणि तोच स्क्रू पुन्हा बसवा. गंजला असेल तर त्याच मापाचा स्टेनलेस घ्या. थोडा जाड स्क्रू चालेल, लांब मात्र अजिबात नाही. छताची जाडी फार नसते. लांब स्क्रूचं टोक वरच्या पत्र्याला आतून टोचतं, आणि तुम्ही पडदा दुरुस्त करता करता छताला भोक पाडून बसता. प्लास्टिकच्या कडेत नवं भोक घ्यायचं असेल तर आधी बारीक ड्रिल मारा, थेट स्क्रू रेटला की तडा जातो. नवं भोक पाडण्याआधी तिथून दिव्याची वायर जात नाही ना, हेही बघा. छतावर एसी असेल तर तिकडे मेन्सची, म्हणजे बाहेरून घेतलेल्या घरगुती विजेची वायर असते.

आता टोच्या घ्या आणि काढलेल्या स्क्रूच्या भोकाच्या आसपास, ट्रॅकने झाकल्या जाणाऱ्या जागेत, लाकडात दाबा. चांगलं लाकूड विरोध करतं. टोच्या लोण्यासारखा आत गेला तर लाकूड सडलं आहे. ओल मोजायचं मीटर मिळालं तर २० टक्क्यांच्या वरचा आकडा म्हणजे सडण्याला अनुकूल परिस्थिती. अशा लाकडात काड्या, फेविकॉल, जाड स्क्रू यांपैकी काहीही धरणार नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सडलेलं लाकूड किंवा छताचा मऊ पडलेला भाग सापडला तर पडदा विसरा. गळती कुठून येते ते शोधून छताची कड उघडावी लागते, आणि ते काम कॅम्पर दुरुस्त करणाऱ्याचं आहे. एबीएसच्या छताला तडे दिसले, छत मधून खाली आल्यासारखं वाटलं, कॅनव्हास छताला जिथे जोडलेला असतो तिथली पट्टी सुटली, तरी तेच. छत एका कोपऱ्यात खाली राहणं, हँडल फिरवताना धडधड किंवा मधेच हलकं लागणं, केबलची तार विसकटलेली दिसणं, यातलं काहीही असेल तर छत खाली-वर करणं थांबवा. ते वर असतानाच लक्षात आलं तर चारही कोपऱ्यांत टेकू दिल्याशिवाय आत कोणी झोपायचं नाही. स्क्रू काढताना दिवा मिणमिणला किंवा वायरला धक्का लागला तर बॅटरी आणि बाहेरचं कनेक्शन दोन्ही तोडा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. हीटरच्या झरोक्याजवळ पडदा करपलेला दिसला तर हीटर पुन्हा पेटवण्याआधी गॅसवाल्याकडून तपासून घ्या, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे का ते बटण दाबून बघा.

कारागिराकडे जाताना पडदा पडतो एवढंच सांगू नका. चार कोपऱ्यांच्या उंचीचे आकडे, काढलेला स्क्रू जसाच्या तसा, न पुसता, आणि टोच्या कुठे आत गेला त्या जागेचा टेप ठेवून काढलेला फोटो द्या. त्याला नेमका कोपरा कळतो, आणि सगळ्या छताची कड उकलण्याची मजुरी वाचते.